जर्मन भाषा अधिक नर्सिंगची नोकरी: या पॅकेजमध्ये पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे नाहीत

बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्यांना पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत सध्या एकाच साच्याचं पॅकेज विकलं जातंय. ए१ ते बी२ जर्मन (भाषेच्या पायऱ्या: ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात), कागदपत्रं, मुलाखत, व्हिसा, आणि तिकडं उतरल्यावर विमानतळावर घ्यायला माणूस. संस्थेचं नाव बदलतं, रक्कम बदलते, आतला माल तोच असतो. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका संस्थेचा नाही. पॅकेजचे भाग सुटे करून प्रत्येकाची किंमत किती धरावी, एवढंच इथं पाहिलंय.

निकाल आधीच सांगते. भाषेच्या वर्गाला पैसे मोजणं योग्य, शिक्षक चांगला असेल तर. कागदपत्रांचं निम्म्याहून जास्त काम स्वतः करता येतं. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराने देण्याचं काहीच कारण नाही, कारण माणसांची गरज तिकडच्या मालकाला आहे. आणि जाहिरातीत जिचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो, ती तिकडच्या परवान्याची प्रक्रिया, तीच या सगळ्या वाटेचा कणा आहे. संस्था पारखायची ती तिच्यावरून.

परवाना: जाहिरातीत सर्वांत कमी, प्रत्यक्षात सर्वांत जास्त

जर्मनीत नर्सिंग हा कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे. पूर्वी तिथं रुग्णालयातली शुश्रूषा, बालकांची शुश्रूषा आणि वृद्धांची शुश्रूषा असे वेगवेगळे अभ्यासक्रम होते. १ जानेवारी २०२० पासून नवा कायदा लागू झाला आणि बाईसाठी 'फ्लेगेफाखफ्राऊ', पुरुषासाठी 'फ्लेगेफाखमान' असं एकच नाव आलं. हे शिक्षण तीन वर्षांचं असतं: २,१०० तास वर्गात, २,५०० तास प्रत्यक्ष कामावर. बाहेरच्या देशातल्या नर्सला हे नाव लावायचं असेल, तर नोकरी ज्या राज्यात आहे तिथलं प्राधिकरण तिचं शिक्षण या मापाने मोजतं. या प्रक्रियेला तिकडं 'आनेरकेनुंग' म्हणतात.

यातून एक गोष्ट लगेच निघते, आणि ती बऱ्याच जणींना पैसे भरून झाल्यावर कळते. मापच तीन वर्षांच्या शिक्षणाचं असल्यामुळे जीएनएमवाल्यांनाही हा रस्ता तितकाच खुला आहे. बीएस्सीमुळे किंवा एमएस्सीमुळे पगाराची पायरी आपोआप वर जात नाही. दोन वर्षांच्या एएनएमवर (सहायक नर्सच्या अभ्यासक्रमावर) मात्र पूर्ण नर्सची मान्यता मिळण्याची आशा धरू नये.

अर्ज केल्यावर भारतीय नर्सला थेट परवाना क्वचितच मिळतो. बहुतेकींना 'डेफिझिटबेशाइड' येतं, म्हणजे तुमच्या शिक्षणात काय कमी आहे हे सांगणारं पत्र. वृद्धसेवा आणि घरी जाऊन करायची शुश्रूषा हे आपल्याकडं कमी तासांत उरकलेले विषय त्यात वारंवार दिसतात. हे पत्र म्हणजे नकार नाही. उलट, याच्याच आधारावर व्हिसा मिळतो आणि उरलेली कमतरता जर्मनीत जाऊन भरून काढायची असते. ती भरण्याच्या वाटा दोन.

पहिली वाट 'आनपासुंगस्लेअरगांग'. ठरवून दिलेल्या विभागांत ठरवून दिलेले तास काम आणि वर्ग करायचे, शेवटी एक चर्चात्मक मुलाखत. कायद्याने हे जास्तीत जास्त तीन वर्षं चालू शकतं. प्रत्यक्षात किती चालेल हे पत्रात लिहिलेल्या कमतरतेवर ठरतं. दुसरी वाट 'केंटनिसप्रुफुंग', म्हणजे परीक्षा. तोंडी भाग ४५ ते ६० मिनिटांचा. प्रात्यक्षिकात खऱ्या रुग्णांची शुश्रूषा परीक्षकांसमोर करायची, अशा कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार परिस्थिती. नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. वाट निवडण्याचा हक्क उमेदवाराचा आहे, पण व्यवहारात मालकाने कुठल्या शाळेशी जुळवून ठेवलंय त्यावरच गाडी जाते. म्हणून मुलाखतीतच विचारा: तुमच्याकडं कोणती वाट आहे, शाळा कोणती, पुढची तुकडी कधी सुरू होते? बोलण्यात कच्ची असलेल्या नर्सला मी परीक्षा सुचवणार नाही. हात कितीही चांगला असला तरी 'हे असं का केलं' याचं उत्तर जर्मनमध्ये देता आलं नाही की परीक्षक पुढं सरकत नाहीत.

परवाना मिळेपर्यंत तुम्ही सहायक म्हणून काम करता आणि पगारही सहायकाचाच मिळतो. हा काळ किती लांबतो यावर सगळा आर्थिक हिशेब अवलंबून आहे. पॅकेज विकणाऱ्याला विचारण्याचा सर्वांत उपयोगी प्रश्न 'नोकरी कुठं?' हा नव्हेच. 'तुमच्याकडून गेलेल्यांच्या हातात परवाना किती महिन्यांनी पडला?' हा आहे.

कागद: अडतात कुठं

विलंबाचं पहिलं कारण म्हणजे मार्कलिस्ट. आपल्या मार्कलिस्टमध्ये गुण असतात, तास नसतात. तिकडचा अधिकारी तासच मोजतो. त्यामुळे विषयवार थिअरीचे तास आणि विभागवार क्लिनिकलचे तास (मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसोपचार, कम्युनिटी) स्वच्छ लिहिलेली ट्रान्सक्रिप्ट लागते. बीएस्सीवाल्यांनी ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून, जीएनएमवाल्यांनी शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडून घ्यायची. क्लिनिकलच्या तासांचा तपशील कॉलेजच्या सही-शिक्क्याने जोडायचा. कॉलेज बंद पडलंय, प्राचार्य बदलल्यात, जुनी लॉगबुकं सापडत नाहीत, असे प्रसंग येतात. म्हणून हे काम ए१ सुरू असतानाच हाती घ्या. पॅकेजवाले बहुतेक वेळा बी१ झाल्यावर कागद मागतात आणि तिथं तीन-चार महिने फुकट जातात.

दुसरं कारण नाव. आपल्याकडं मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालेलं असेल तर नोंदणी प्रमाणपत्रावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. जर्मन अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बाया वाटतात. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि एकाच व्यक्तीची ही नावं आहेत असं सांगणारं प्रतिज्ञापत्र हे तीनही भाषांतरासह फाइलमध्ये आधीच घालावेत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, हेही पाहा. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि मुदत संपलेल्या नोंदणीवर 'गुड स्टँडिंग', म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं कौन्सिलचं पत्र, मिळत नाही.

तिसरं, भाषांतर. भाषेच्या वर्गातल्या सरांनी केलेलं आणि संस्थेचा शिक्का मारलेलं भाषांतर चालत नाही. शपथबद्ध भाषांतरकाराचं लागतं, आणि काही राज्यांना तो जर्मनीत नोंदलेलाच हवा असतो. आधी राज्य ठरू द्या, मग भाषांतर करा. उलट क्रमाने गेलात तर तेच पैसे दोनदा जातात.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्याबद्दल, विशेष सांगायला हवं, कारण त्यावर बरीच कमाई चालते. भारत अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने त्याला आक्षेप नोंदवला होता, त्यामुळे इतर देशांसाठी चालणारा तो शिक्का जर्मनीसाठी आपोआप चालेल असं धरता येत नाही. प्राधिकरणाने लेखी मागितल्याखेरीज प्रत्येक मार्कलिस्टवर अपोस्टिल करून घेण्यात पैसे घालू नका. पॅकेजच्या यादीत ही बाब आधीच लिहिलेली असेल, तर कोणत्या राज्याने ती मागितली हे विचारा. उत्तर आलं नाही तर ती ओळ खोडायला लावा.

मूळ प्रमाणपत्रं आत्ताच्या हॉस्पिटलकडं बाँडपोटी अडकलेली असतील तर ती सोडवणं हे पहिलं काम. आणि पॅकेजवाल्यांकडंही मूळ कागद ठेवायचे नाहीत. स्कॅन आणि साक्षांकित प्रती पुरतात. पडताळणीसाठी मूळ दाखवायचे आणि परत आणायचे.

हे सगळं स्वतः करायचं तर मदत कुठं मिळते? जर्मन सरकारच्या मान्यता-विषयक संकेतस्थळावर व्यवसाय आणि गाव टाकलं की सक्षम प्राधिकरणाचं नाव आणि कागदांची यादी येते. २०२० पासून बॉनमध्ये परदेशातल्या अर्जदारांसाठी एक केंद्रीय सल्ला कार्यालय आहे. ते फाइल पाहून काय कमी आहे ते कळवतं आणि त्याचे पैसे घेत नाही. मालक पक्का असेल तर तिसराही रस्ता आहे: मालकाने तुमच्या वतीने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रिया सुरू करायची. तिचं शुल्क ४११ युरो. ते मालकाने भरावं अशीच अपेक्षा ठेवा. या प्रक्रियेत कागद पूर्ण झाल्यावर प्राधिकरणाला दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. चांगली भरती संस्था हाच मार्ग वापरते. 'वेळ लागतोच हो' एवढंच म्हणणाऱ्या संस्थेला या प्रक्रियेबद्दल विचारून पाहा.

भाषा: सहा महिन्यांत बी२?

गोएथे संस्थेच्या स्वतःच्या अंदाजाने बी२ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. म्हणजे घड्याळाचे ४५० ते ६०० तास, गृहपाठ वेगळा. रोज चार तास, आठवड्याला पाच दिवस, अशा पूर्णवेळ वर्गाला यासाठी २३ ते ३० आठवडे निव्वळ शिकवणीचे जातात. त्यात सणाच्या सुट्या, परीक्षेची तारीख मिळेपर्यंतची वाट, एखादा भाग पुन्हा देणं धरलं नाही. ड्युटी सांभाळून रोज दोन तास ऑनलाइन बसणाऱ्या नर्सला हेच ४५ ते ६० आठवडे होतात. 'सहा महिन्यांत बी२' ही जाहिरात फक्त नोकरी सोडून पूर्णवेळ शिकणाऱ्यांच्या बाबतीत, तेही सगळं सुरळीत गेलं तर, खरी ठरू शकते. नाईट करून सकाळी वर्गात बसणाऱ्या मुलीला तीच मुदत सांगणं अन्यायाचं आहे, कारण मुदतीत झालं नाही की ती स्वतःलाच मठ्ठ समजू लागते.

परीक्षेचं स्वरूप वर्ग निवडण्याआधी माहीत असावं. गोएथेच्या बी२ मध्ये वाचन ६५ मिनिटं, श्रवण ४०, लेखन ७५ आणि बोलणं साधारण १५ मिनिटं. प्रत्येक भाग १०० गुणांचा, पास व्हायला ६०, आणि चारही भाग स्वतंत्रपणे देता येतात. त्यामुळे श्रवणात गेलं तर फक्त श्रवणच पुन्हा द्यायचं. पुण्या-मुंबईत ही परीक्षा मॅक्समुलर भवनात होते. टेल्क या दुसऱ्या परीक्षासंस्थेची नर्सिंगसाठी खास बी१-बी२ परीक्षाही आहे. तिच्यातले प्रसंग वॉर्डातले असतात, म्हणून अनुभवी नर्सला ती सोपी जाते. पण ज्या राज्यात जायचंय तिथं कोणतं प्रमाणपत्र चालतं, आणि बी२ शिवाय वेगळी वैद्यकीय भाषा-परीक्षा आहे का, हे आधी पाहा. काही राज्यांत ती आहे. संस्थेने स्वतः छापलेल्या 'बी२ कोर्स पूर्ण' या प्रमाणपत्राला व्हिसा कार्यालयात काहीच किंमत नाही.

वर्ग पाहायला जाल तेव्हा एक तास बसू द्या म्हणून सांगा. शिक्षक मराठी-इंग्रजीत व्याकरण समजावतोय आणि मुली वहीत उतरवून घेतायत, असं बी१ च्या वर्गात दिसलं तर उठून या. बी१ पासून वर्ग जर्मनमध्येच चालायला हवा. एका तुकडीत १५ पेक्षा जास्त जणी असतील तर प्रत्येकीला बोलायला मिळत नाही, आणि बहुतेक जणी अडकतात त्या बोलण्यात आणि ऐकण्यातच. शिक्षकाकडं स्वतःचं सी१ (बी२ च्या वरची पायरी) प्रमाणपत्र आहे का, हा प्रश्न विचारायला संकोच नको. वॉर्डातला 'ओव्हर' (पाळी संपताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती देणं) जर्मनमध्ये द्यायचा सराव, फोनवर डॉक्टरला रुग्णाची स्थिती सांगणं, पडलेल्या रुग्णाची नोंद लिहिणं हे ज्या वर्गात घेतात त्याला मी बाकीच्यांपेक्षा पुष्कळ वरचं स्थान देईन.

व्हिसासाठी अनेकदा बी१ वर भागतं आणि बी२ तिकडं जाऊन करायचं ठरतं. कागदावर हे आकर्षक आहे. प्रत्यक्षात पाळीचं काम, परकी बोली आणि संध्याकाळचा वर्ग एकत्र आले की बी२ लांबत जातं, आणि बी२ शिवाय परवान्याचं प्रमाणपत्र हातात पडत नाही. शक्य असेल तर बी२ इथंच पूर्ण करून निघावं.

पैसे

भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडं परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सची नोंदणी लागते. ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव तपासता येतं. अशा नोंदणीकृत एजंटने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. मग पॅकेज लाखांत कसं जातं? कारण रक्कम 'प्रशिक्षण', 'डॉक्युमेंटेशन', 'प्रोसेसिंग' अशा नावांनी तोडून लावतात. म्हणून एकरकमी आकडा कधी मान्य करू नका. भाषेचा प्रत्येक स्तर वेगळा, परीक्षाशुल्क वेगळं, भाषांतर पानागणिक, प्राधिकरणाचं शुल्क युरोत, व्हिसाचे ७५ युरो, असं सुटं लिहून मागा, आणि पैसेही स्तरागणिक भरा. ए१ झाल्यावर जमत नाही असं लक्षात आलं तर पुढचे पैसे वाचले पाहिजेत.

जर्मनीच्या बाजूने २०२२ पासून 'फेअर आनव्हेर्बुंग फ्लेगे डॉयचलांड' नावाचं सरकारी दर्जाचिन्ह आहे. हे चिन्ह असलेल्या संस्थेला उमेदवाराकडून भरतीचा खर्च घेता येत नाही. तो मालकाने भरायचा. त्यांची यादी उघड आहे. पुण्यातल्या क्लासने 'आमचं जर्मनीत टाय-अप आहे' म्हटलं की त्या जर्मन संस्थेचं नाव घ्या आणि यादीत शोधा. याच तत्त्वावर जर्मन सरकारचा 'ट्रिपल विन' कार्यक्रम केरळमध्ये तिथल्या सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेमार्फत चालतो आणि तिथल्या नर्सना भाषा शिकायला पैसे पडत नाहीत. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. खिशातून लाखभर काढण्याआधी त्या योजनेत आपल्या जिल्ह्यात काय चालू आहे याची चौकशी करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता पगार. जर्मनीत वृद्धसेवा आणि गृहसेवेच्या संस्थांसाठी किमान वेतन ठरवून दिलेलं आहे. १ जुलै २०२५ च्या दराने ते सहायकाला ताशी १६.१० युरो, प्रशिक्षित सहायकाला १७.३५ आणि परवानाधारक नर्सला २०.५० युरो असं होतं. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याचे साधारण १६९ तास होतात. सहायकाचे सुमारे २,७२० युरो, नर्सचे सुमारे ३,४६५. हे कापण्याआधीचे आकडे. एकट्या माणसाचा कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा असं सगळं मिळून जवळपास एक तृतीयांश जातं. वरून खोलीचं भाडं. मोठ्या रुग्णालयांत सामूहिक कराराप्रमाणे पगार असतो. तो बहुधा यापेक्षा बरा, आणि रात्रपाळी-रविवारचे भत्ते वेगळे. जाहिरातीत 'तीन लाख पगार' लिहिलेला असतो तो परवान्यानंतरचा, कापण्याआधीचा असतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष सहायकाच्या हातात येणाऱ्या पैशांवर काढायचं आहे हे धरूनच कर्जाचा हप्ता ठरवा.

दोन गोष्टी नर्सच्या गळ्यात मारल्या जातात त्यांपासून सांभाळा. एक, 'आउसबिल्डुंग'. ही बारावी झालेल्या मुलामुलींसाठीची तीन वर्षांची शिकाऊ नर्सिंग. विद्यावेतन २०२४ मध्ये पहिल्या वर्षी साधारण १,३०० ते १,४०० युरोंच्या घरात होतं. हातात बीएस्सी किंवा जीएनएम असताना हिच्यात जाणं म्हणजे शिकलेलंच पुन्हा तीन वर्षं शिकणं. भाषांतर आणि मान्यतेची कटकट एजंटला नको असते, म्हणून तो हे सुचवतो. दुसरी, २०२४ मध्ये आलेलं 'चान्सेनकार्ट', म्हणजे नोकरी शोधायला जाण्याचा व्हिसा. त्यासाठी खर्चापोटी २०२५ च्या दराने महिन्याला १,०९१ युरो अडकवून ठेवावे लागत होते, आणि तिकडं गेल्यावरही परवान्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. घरबसल्या मुलाखत देऊन करार मिळत असताना नर्सला त्याची गरज नाही.

करार वाचताना

करार जर्मनमध्ये असतो. त्याचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर हातात आल्याशिवाय सही नको. त्यात हे शोधा: आठवड्याचे तास, रजा (पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस, चांगले मालक ३० देतात), परवान्याआधीचा आणि नंतरचा पगार वेगवेगळ्या आकड्यांत, बी२ चा आणि परीक्षेचा खर्च कोणाचा, त्यासाठी पाळीत वेळ मिळणार का, नापास झाल्यास काय. मालक भाषेचा खर्च करतो तेव्हा 'अमुक काळ राहा, नाहीतर परतफेड' अशी अट घालतो. काही प्रमाणात ती रास्त आहे. पण जितके महिने काम केलं तितकी रक्कम उतरत गेली पाहिजे. वर्षभर काम केल्यावरही पूर्ण रक्कम मागणारी अट असेल तर ती बदलून घ्या. भारतातल्या एजंटने वेगळा बाँड किंवा कोरा धनादेश मागितला, तर तिथंच थांबायचं.

राहण्याची खोली मालक देत असेल तर भाड्यात वीज-हीटिंग धरलंय का ते पाहा. आणि कामाचं ठिकाण नीट वाचा. 'आम्बुलांटे फ्लेगे' लिहिलं असेल तर ती घरोघरी जायची सेवा आहे, गाडी स्वतः चालवावी लागते. भारतातला वाहन परवाना तिथं राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतो, नंतर जर्मन परवान्याची परीक्षा, आणि ती स्वस्त नाही.

गोवराची लस हा छोटा पण विमान चुकवणारा मुद्दा. २०२० पासून तिथं आरोग्यसेवेत काम करणाऱ्या, १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला गोवरापासून संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. लहानपणीचं लसीचं कार्ड सापडत नसेल तर अँटिबॉडी तपासणी किंवा दोन डोस, मध्ये चार आठवडे सोडून. हे निघायच्या दोन महिने आधी उरकावं.

काम कसं असतं

इथं पॅकेजवाले सर्वांत कमी बोलतात आणि इथंच सर्वांत जास्त मनस्ताप होतो. आपल्या वॉर्डात स्पंज द्यायला मावशी, ट्रॉली ढकलायला मामा, भरवायला नातेवाईक असतात. नर्स इंजेक्शन, आयव्ही, औषधं आणि नोंदी पाहते. जर्मनीत आंघोळ घालणं, तोंड धुणं, डायपर बदलणं, कूस बदलणं, भरवणं, चालवणं हा नर्सच्या कामाचा गाभा मानला जातो आणि त्यावरून रुग्णाची स्थिती ओळखणं हे कौशल्य मानलं जातं. उलट शिरेत सुई लावणं हे तिथं मुळात डॉक्टरचं काम. दहा वर्षं आयसीयू केलेल्या ब्रदरला पहिले महिने आपलं कसब काढून घेतल्यासारखं वाटतं. हे आधी माहीत असेल तर पचतं.

तिकडच्या नर्सला कायद्याने राखून ठेवलेलं कामही आहे: शुश्रूषेची गरज ठरवणं, तिची आखणी करणं, दर्जा पाहणं. हे डॉक्टरसुद्धा तिच्या जागी करू शकत नाही. प्रेशर सोअर, पडणं, वेदना यांच्यासाठी राष्ट्रीय 'एक्सपर्टेनस्टांडार्ड', म्हणजे काम कसं करायचं याची तज्ज्ञांनी ठरवलेली मानकं, आहेत आणि केंटनिसप्रुफुंगमध्ये प्रश्न त्यांच्यावरच येतात. ज्या क्लासने ही नावंसुद्धा मुलींना ऐकवली नाहीत, त्याने भाषा शिकवली असेल, नर्सिंगची तयारी करून घेतलेली नाही.

कोणी घेऊ नये

केंद्र सरकारी नोकरीची इच्छा आणि वय दोन्ही हातात असेल, तर आधी एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा. नर्सिंग ऑफिसरची मूळ वेतनश्रेणी ४४,९०० रुपयांपासून, भत्ते वेगळे. वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला ३०. पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. जीएनएमला ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. जर्मनचा वर्ग आणि नॉरसेट एकाच वेळी करणाऱ्यांचं दोन्हीकडं अर्धवट राहतं. वय २७-२८ असेल तर नॉरसेटचे प्रयत्न आधी संपवावेत, जर्मनी नंतरही थांबते. आणि घरच्या अडचणीमुळे वर्षभरात पैसे हवे असतील, तर आखाताची वाट कमी वेळात होते, कारण तिथं नवी भाषा शिकायची नाही.

फिजिओथेरपी, लॅब आणि रेडिओग्राफीच्या पदवीधरांनाही हेच पॅकेज आता विकायला लागलेत. हे व्यवसायही तिथं परवान्याचेच आहेत, पण प्रत्येकाचे तास, विषय आणि कमतरतेची यादी वेगळी, आणि पुढच्या पूरक प्रशिक्षणाच्या जागाही नर्सिंगइतक्या नाहीत. ज्या संस्थेने आजवर फक्त नर्स पाठवल्यात तिच्यावर इथं विसंबू नका; त्या संस्थेने तुमच्याच शाखेचा एक तरी परवाना मिळवून दिलाय का, ते पाहा.

पैसे भरण्याआधी संस्थेकडून एका जुन्या तुकडीचा पूर्ण हिशेब मागा, दीड-दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या. किती जणी ए१ ला बसल्या, किती जणींनी बी२ चे चारही भाग पास केले, किती गेल्या, आणि आज किती जणींच्या हातात परवाना आहे. त्यांतल्या दोघींशी संस्थेचं माणूस समोर नसताना फोनवर बोला. पगाराची चिठ्ठी दाखवायला लावू नका. फक्त विचारा की ओव्हर कोण देतं, ती स्वतः की दुसरी कोणी.